वैमानिकाविना विमान : चौपाटीपासून पनवेलपर्यंत

पनवेल हें गांव मुंबईकरांना फार पूर्वींपासून ठाऊक आहे, तें वाटेवरचें गांव म्हणून. आगगाडी घाट चढूं लागण्यापूर्वीं मुंबईहून पुण्याकडे निघालेला प्रवासी होडींतून पनवेलच्या बंदरास उतरे आणि तेथून खोपोलीमार्गें बोरघाटाची वाट धरी. १८३० सालीं घाटांतून गाडीरस्ता खुला झाला, तेव्हां या गांवाचें महत्त्व आणखीच वाढलें. पुढें आगगाडी आली, मोटारी आल्या, द्रुतगति मार्ग आला; आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं या गांवाच्या शेजारीं नवी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाचें उद्‌घाटन होऊन त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून तेथून विमानें उडूं लागलीं. पाण्याची, जमिनीची आणि आकाशाची अशा तिन्ही वाटा एकाच गांवापाशीं येऊन मिळाव्या, हा योग थोड्याच गांवांच्या वांट्यास येतो.

याच पनवेलच्या एखाद्या घरांत आज शाळकरी मुलगा किंवा मुलगी टेबलावर एक पेटी उघडून बसलेली दिसते. पेटींत चार लहान मोटारी, प्लॅस्टिकचीं कांहीं पातीं, एक हलकी चौकट, काड्यापेटीहून लहान अशी विद्युत्‌मंडलाची पाटी आणि एक बॅटरी असते. हे सुटे भाग जोडून जें यंत्र सिद्ध होतें, त्याला सारें जग ‘ड्रोन’ या नांवानें ओळखतें. वडील माणसें त्याकडे खेळणें म्हणून पाहतात. मुलें विमान म्हणून पाहतात. दोघांचेंही म्हणणें खरें आहे. मात्र या खेळण्यामागें सव्वाशें वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्या इतिहासाचा एक धागा मुंबईच्या चौपाटीशीं जोडला जातो, हें पुष्कळांच्या लक्षांत नसतें.

चौपाटीची कथा महाराष्ट्रांत बहुतेकांनीं ऐकलेली असते. १८६४ सालीं मुंबईंत जन्मलेले शिवकर बापूजी तळपदे हे संस्कृताचे आणि वेदांचे अभ्यासक होते. त्यांनीं ‘मरुत्सखा’ नांवाचें विमान बांधलें, १८९५ सालीं चौपाटीच्या वाळूवरून तें माणसाविना उडविलें, तें पंधराशें फूट उंच चढलें आणि मग खालीं आलें, असें सांगितलें जातें. न्यायमूर्ति रानडे आणि बडोद्याचे सयाजीराव महाराज त्या वेळीं उपस्थित होते, अशीही भर कथेंत पडलेली आहे. ही कथा खरी असेल, तर वैमानिकरहित विमान उडविल्याचा मान मुंबईच्या एका मराठी माणसाकडेही जातो. म्हणूनच ती सांगतांना सांगणाराचा ऊर भरून येतो, आणि त्यांत वावगें असें कांहीं नाहीं.

परंतु इतिहासाला ऊर भरून येण्यापेक्षां अधिक कांहीं हवें असतें. त्या विमानाचें एकही छायाचित्र उपलब्ध नाहीं. त्याचा आराखडा, त्याच्या इंजिनाचें माप, त्याचें वजन, तें किती वेळ उडालें याची नोंद, यांपैकीं एकही गोष्ट तपासून पाहतां येईल अशा स्वरूपांत पुढें आलेली नाहीं. उपस्थित थोरांच्या हातचा त्या दिवसाचा वृत्तांतही कोणी दाखविलेला नाहीं. तळपदे यांच्या नांवाबरोबर ‘वैमानिक शास्त्र’ हा संस्कृत ग्रंथ नेहमीं जोडला जातो. त्या ग्रंथाची परीक्षा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच संशोधकांनीं केली आणि १९७४ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकाच्या आरंभींच्या काळांत रचला गेला, आणि त्यांत वर्णिलेलीं विमानें उडूं शकणार नाहींत, असें त्यांनीं दाखवून दिलें. तरीही २०१५ च्या जानेवारींत मुंबईंत विज्ञान परिषद भरली असतां प्राचीन विमानांचा वाद पुन्हां पेटला, आणि त्याच महिन्यांत तळपदे यांच्या कथेवर बेतलेला ‘हवाईजादा’ हा हिंदी चित्रपटही पडद्यावर आला.

येथें तळपदे यांना खोटें ठरविण्याचा कोणाचाही हेतु असूं नये. परतंत्र देशांत, तुटपुंज्या साधनांनिशीं, आकाशांत उडण्याचें स्वप्न पाहणारा माणूस आदरासच पात्र आहे. दुःख एवढेंच कीं, त्यांनीं काय केलें आणि काय केलें नाहीं, हें आज कोणालाही निश्चयानें सांगतां येत नाहीं. त्यांच्या श्रमांचें खरें मोल कळावें अशी एक वहीसुद्धां हातीं लागूं नये, हें त्यांचें दुर्दैव आणि त्यांच्यामागून येणाऱ्या पिढ्यांचें नुकसान होय.

याच काळांत जगांत दुसरीकडे काय चाललें होतें, तें पाहिलें म्हणजे या नुकसानीची कल्पना येते. ६ मे १८९६ रोजीं अमेरिकेंतील पोटोमॅक नदीवर सॅम्युअल लँगली या शास्त्रज्ञानें वाफेच्या इंजिनावर चालणारें एक माणसाविना विमान एका होडीवरून सोडलें. तें सुमारें तीन हजार तीनशें फूट अंतर उडत जाऊन पाण्यावर अलगद उतरलें. टेलिफोनचे शोधक अलेक्झांडर ग्रॅहम बेल तेथें हजर होते. त्यांनीं छायाचित्र घेतलें आणि आपण काय पाहिलें तें ‘नेचर’ या शास्त्रीय पत्रास लिहून कळविलें. यंत्रही जपून ठेवण्यांत आलें. पुढें १९०३ सालीं लँगलीचें माणूस बसविलेलें मोठें विमान दोन वेळां नदींत कोसळलें. त्याचीही नोंद तितक्याच स्पष्टपणें झाली. यश आणि अपयश दोन्ही कागदावर उतरलीं, म्हणून दोन्हीही पुढच्यांच्या उपयोगीं पडलीं.

ही शिस्त केवळ पश्चिमेकडची होती असेंही नव्हे. त्याच सुमारास कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं विद्युत्‌लहरी भिंतींतून पार पाठवून दूरची घंटा वाजवून दाखविली आणि दारू पेटवून दाखविली. तारेविना दुरून यंत्र चालविण्याचें बीज या प्रयोगांत आहे. बोस यांचे निबंध प्रसिद्ध झाले, उपकरणें जपलीं गेलीं, आणि म्हणूनच त्यांचें श्रेय त्यांच्यापासून कोणीही हिरावून घेऊं शकत नाहीं. देश तोच, काळ तोच, राज्यकर्ते तेच; अंतर पडलें तें नोंदीमुळें.

विमानविद्येचा पुढचा इतिहास म्हणजे चुका शोधून काढण्याचाच इतिहास आहे. राइट बंधूंनीं १९०१ सालीं बांधलेला ग्लायडर गणितानें अपेक्षिलेल्या भारापेक्षां पुष्कळच कमी भार उचलूं लागला. त्यांनीं दैवाला दोष दिला नाहीं. घरीं परतल्यावर त्यांनीं एक लांकडी पेटी बांधली, पंख्यानें तिच्यांतून वारा सोडला आणि सुमारें दोनशें लहान पंखांचे आकार एकामागून एक तपासले. प्रचलित कोष्टकांवर विसंबून भागणार नाहीं, हें त्यांना या पेटीनें शिकविलें, आणि १७ डिसेंबर १९०३ चें उड्डाण त्या पेटींतूनच जन्मास आलें.

माणसाविना उडणाऱ्या यंत्रास पुढें युद्धानें आश्रय दिला. पहिल्या महायुद्धांत इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत तसे प्रयोग झाले. १९३५ सालीं ब्रिटिशांनीं ‘क्वीन बी’, म्हणजे ‘राणी माशी’, या नांवाचें एक दुपंखी विमान तयार केलें. रेडिओच्या साहाय्यानें तें दुरून चालवीत आणि तोफखान्याचे लोक त्यावर नेमबाजीचा सराव करीत. या राणी माशीवरूनच अमेरिकन आरमारानें आपल्या तशाच यंत्रांना ‘ड्रोन’, म्हणजे नर मधमाशी, हें नांव दिलें. आज लग्नमंडपावर घोंघावत छायाचित्रें घेणाऱ्या यंत्राचें नांव असें तोफांच्या निशाणावरून आलेलें आहे.

परंतु पनवेलच्या मुलाच्या पेटींतलें यंत्र या दुपंखी विमानांच्या कुळांतलें नाहीं. त्याला चार कोपऱ्यांत चार पंखे असतात, आणि त्याचे पूर्वज निराळे आहेत. १९०७ सालीं फ्रान्समध्यें लुई ब्रेगे यानें चार मोठ्या पंख्यांचें एक यंत्र बांधलें. तें माणसासह जमिनीपासून सुमारें दोन फूट उचललें गेलें खरें, पण तें कलूं नये म्हणून चारही कोपऱ्यांना चार माणसें धरून उभीं होतीं. १९२२ सालीं जॉर्ज द बोथेझाट यानें अमेरिकन लष्करासाठीं असेंच यंत्र उडविलें. तें शंभरांहून अधिक वेळां उचललें गेलें, तरी अखेर लष्करानें त्याचा नाद सोडला. ४ मे १९२४ रोजीं फ्रान्सच्या एतिएन एमिशेन यानें आपल्या यंत्रांतून एक किलोमीटरचा फेरा पुरा केला. यानंतर मात्र चार पंख्यांची कल्पना दीर्घकाळ मागें पडली.

ती मागें कां पडली, हें समजणें अगत्याचें आहे. चार पंख्यांपैकीं समोरासमोरच्या कर्णावरचे दोन एका दिशेनें आणि उरलेले दोन उलट दिशेनें फिरतात, म्हणून यंत्र स्वतःभोंवतीं गरगरत नाहीं. पुढच्या दोहोंचा वेग कमी व मागच्या दोहोंचा अधिक केला, कीं तें पुढें झुकून पुढें जातें. एका कर्णावरच्या जोडीचा वेग वाढविला आणि दुसरीचा घटविला, कीं तें वळतें. तत्त्व सोपें आहे. परंतु असें यंत्र आपण होऊन स्थिर राहत नाहीं. वाऱ्याची झुळूक आली, कीं दर सेकंदाला अनेक वेळां चारही पंख्यांचे वेग थोडथोडे बदलावे लागतात, आणि एवढें चापल्य माणसाच्या हातांत नाहीं. ब्रेगेच्या यंत्राला धरून उभीं असलेलीं तीं चार माणसें हवेंतून काढून टाकावयाचीं, तर त्यांचें काम करणारें कोणीतरी हवें होतें.

तें कोणीतरी जन्मास येण्यास ऐंशी-नव्वद वर्षें लागलीं. सिलिकनच्या कणांत कोरलेले, यंत्र कोणत्या बाजूस किती कललें तें क्षणोक्षणीं सांगणारे सूक्ष्म गतिमापक तयार झाले. खिशांतल्या टेलिफोनांत ते लाखोंच्या संख्येनें बसूं लागले, तेव्हां त्यांची किंमत उतरली. त्याच काळांत हलक्या लिथियम बॅटऱ्या आणि ब्रशाविना चालणाऱ्या मोटारीही स्वस्त झाल्या. पेटींतली ती काड्यापेटीएवढी पाटी म्हणजे ब्रेगेचीं चार माणसें होत. त्यांचें काम ती न थकतां करते.

या नव्या युगांत महाराष्ट्र मागें राहिला नाहीं. पवईच्या आय. आय. टी.मधून बाहेर पडलेल्या कांहीं तरुणांनीं २००७ सालीं ‘आयडियाफोर्ज’ ही कंपनी स्थापन केली. तिचा कारभार नवी मुंबईंतून चालतो. २००९ सालच्या ‘थ्री इडियट्स’ या चित्रपटांत खिडकीबाहेर तरंगणारें चार पंख्यांचें यंत्र दिसतें, तें याच तरुणांचें. संरक्षण संशोधन संस्थेच्या सहकार्यानें त्यांनीं ‘नेत्र’ नांवाचें यंत्र सिद्ध केलें, आणि २०१३ च्या उत्तराखंडांतील महापुरांत अडकलेल्या माणसांच्या शोधासाठीं तें वापरलें गेलें. पुणें जिल्ह्यांत पुरंदर तालुक्यांतील सोनोरी गांवीं ड्रोनच्या साहाय्यानें गांवठाणाची मोजणी करण्याचा प्रयोग झाला, आणि २४ एप्रिल २०२० रोजीं अशी मोजणी साऱ्या देशांतील खेड्यांसाठीं ‘स्वामित्व’ या नांवानें जाहीर झाली. ज्या घराला पिढ्यान्‌पिढ्या कागद नव्हता, त्याला आकाशांतून घेतलेल्या चित्रांवरून कागद मिळूं लागला.

आतां पुन्हां पनवेलच्या त्या टेबलाकडे वळावें. तेथें जें घडतें, तें या इतिहासाचीच लहानशी आवृत्ति असते. मूल घाईघाईनें भाग जोडतें, अंगणांत जाऊन कळ दाबतें, आणि यंत्र वर न चढतां कुशीवर उलटतें. बहुधा कारण तीनपैकीं एक असतें: एखादी मोटर उलट दिशेनें फिरत असते, एखादें पातें चुकीच्या मोटारीवर बसलेलें असतें, किंवा पाटीवरचा बाण यंत्राच्या तोंडाकडे नसून बाजूस वळलेला असतो. यंत्र उडतें पण एकाच बाजूस सरकत जातें, तेव्हां ती पाटी सपाट जागीं ठेवून तिला ‘सपाट म्हणजे काय’ हें पुन्हां शिकवावें लागतें. यंत्र थरथरत असेल, तर पातें वांकलेलें किंवा चिरलेलें आहे काय, मोटारीचा दांडा सरळ आहे काय, स्क्रू ढिले आहेत काय, हें पाहावें लागतें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलली व काय झालें तें लिहून ठेवावें, हा यांतला मुख्य नियम. एकदम चार गोष्टी बदलणारास यंत्र सुधारलें तरी कशानें सुधारलें तें कळत नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं तीच चूक पुन्हां समोर उभी राहते.

या कामांतले धोकेही खरे आहेत. टेबलावर परीक्षा चालू असतां पातीं काढून ठेवलेलीं असावीं. मोटर फिरते कीं नाहीं हें पाहण्यास पातीं लागत नाहींत, आणि अचानक फिरलेलें पातें बोट कापतें. रिमोटाचा संबंध तुटल्यास मोटारी थांबतात किंवा यंत्र ठरविल्याप्रमाणें वागतें कीं नाहीं, याची परीक्षाही पातीं काढूनच करावी. लिथियम बॅटरीचा एक घट पूर्ण भरला म्हणजे ४.२ व्होल्ट दाखवितो. त्यापलीकडे तो भरूं नये आणि अगदीं रिकामाही होऊं देऊं नये. बॅटरी भरत असतां घर सोडून जाऊं नये, आणि फुगलेली बॅटरी कितीही महाग असली तरी पुन्हां वापरूं नये. तिला लागलेली आग सहजीं विझत नाहीं.

कोंकणपट्टींतल्या हवेचाही विचार हवा. पावसाळ्याचे चार महिने या यंत्रांचे नव्हत. दुपारीं खाडीकडून वारा सुटतो, तेव्हां हलकें यंत्र वाहून जातें. सकाळची वेळ शांत असते. संक्रांतीच्या दिवसांत पतंगाचा मांजा पात्यांत गुंतून यंत्र डोक्यावर कोसळूं शकतें. घारी या परक्या पांखरावर झडप घालतात. कर्नाळ्याचें अभयारण्य तर पक्ष्यांसाठींच राखलेलें आहे. तेथें या घोंघावण्याला जागा नाहीं. विजेच्या तारा, गर्दी आणि रहदारीचा रस्ता यांवरून तें कधींही नेऊं नये, आणि तें सदैव डोळ्यांना दिसत राहिलें पाहिजे.

पण पनवेलकरांसाठीं सर्वांत मोठा नियम निराळाच आहे. भारत सरकारच्या २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणें आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांत वांटलेलें आहे. हिरव्या पट्ट्यांत चारशें फुटांपर्यंत उडविण्यास परवानगी मागावी लागत नाहीं, पिवळ्या पट्ट्यांत ती लागते, आणि लाल पट्ट्यांत केंद्र सरकारच्या अनुमतीविना उडवितां येत नाहीं. चालू विमानतळाच्या हद्दीपासून पहिले पांच किलोमीटर लाल पट्ट्यांत मोडतात, आणि पनवेल शहराचा मोठा भाग आतां त्यांतच येतो. अडीचशें ग्रॅमपर्यंतच्या यंत्रांना वैमानिकाचा परवाना लागत नाहीं, यावरून पुष्कळांचा असा समज होतो कीं, लहान यंत्र कोठेंही उडवितां येतें. तो समज चुकीचा आहे. परवाना माणसाचा असतो. लाल पट्टा जागेचा असतो. कालपर्यंत ज्या गच्चीवर पतंगाइतकें मोकळें आकाश होतें, तेथें आज मुलाला ‘नको’ म्हणावें लागतें, आणि हें ‘नको’ म्हणणें कोणत्याही आईबापांस सोपें नाहीं.

तें कां म्हणावें लागतें, हें मुलाला नीट सांगितलें पाहिजे. १२ ऑक्टोबर २०१७ रोजीं कॅनडांतील क्वेबेक शहराच्या विमानतळाकडे उतरत असलेल्या एका लहान प्रवासी विमानावर ड्रोन आदळला. विमानांत आठ माणसें होतीं. सुदैवानें तें सुखरूप उतरलें. त्या वेळीं तें पंधराशें फुटांवर होतें, असें तेव्हां सांगण्यांत आलें. चौपाटीच्या कथेंत ‘मरुत्सखा’ जितकें उंच चढल्याचें सांगतात, तितकीच ही उंची. त्या कथेंतली अभिमानाची उंची आजच्या आकाशांत अपघाताची उंची झालेली आहे, कारण तें आकाश आतां रिकामें नाहीं. पुढच्याच वर्षीं, डिसेंबर २०१८ मध्यें, लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर ड्रोन दिसल्याच्या वार्तेनें सुमारें हजार उड्डाणांचा आणि एक लक्ष चाळीस हजार प्रवाशांचा खोळंबा झाला. तो ड्रोन कोणाचा, हें कधींच सिद्ध झालें नाहीं. नुसत्या न सिद्ध झालेल्या वार्तेनें एवढा मोठा विमानतळ थांबतो, तर खऱ्या यंत्रानें काय होईल, याची कल्पना करावी.

म्हणून पनवेलच्या मुलानें काय करावें? जोडणी, परीक्षा आणि दुरुस्ती घरांतच होते, आणि खरें शिक्षणही तेथेंच आहे. हात बसविण्यासाठीं संगणकावर उड्डाणाचा सराव करतां येतो. पुढें वडील माणसांसह लाल-पिवळ्या पट्ट्यांबाहेर दूर एखाद्या मोकळ्या माळावर जावें; निघण्यापूर्वीं सरकारनें प्रसिद्ध केलेला आकाशाचा नकाशा आणि त्या दिवशींचे नियम पाहून घ्यावे. तेथें पहिल्या दिवशीं कमरेइतक्या उंचीवर अर्धा मिनिट यंत्र स्थिर राहिलें, तरी तें यश समजावें. ब्रेगेच्या यंत्रानें दोन फुटांवरच आरंभ केला होता.

आणि घरीं परतल्यावर वही उघडावी. तारीख, स्थळ, वारा, बॅटरी, काय बिघडलें, कशानें दुरुस्त झालें, कोण हजर होतें, हें सारें तींत लिहावें. एक छायाचित्र चिकटवावें. यंत्र पडलें असेल, तर तेंही लिहावें. लँगलीचें दोनदां पडलें होतें. शिवकर बापूजी तळपदे यांच्याविषयीं आज ज्यांना आदर वाटतो, त्यांनाही त्यांच्या हातची अशी एक वही मिळती, तर हवी होती. ती मिळाली नाहीं. पनवेलच्या टेबलावरची वही मात्र अजून कोरी आहे, आणि ती भरणें सर्वस्वी आजच्या मुलांच्या हातांत आहे.